तिसऱ्या अंतऱ्यातली दाद

शेरीनने बटण दाबलं आणि नर्गिस हिलालीचा आवाज दुकानभर पसरला. अलेक्झांड्रियातली कलती दुपार होती. दारातून समुद्राचा खारा वारा येत होता आणि आवाज त्या वाऱ्यावरच तरंगत आल्यासारखा वाटत होता.

"बघा मावशी, जरासुद्धा खरखर नाही," शेरीन म्हणाली. वडिलांनी, शौकीने, गिऱ्हाईक एहसानबाईंच्या कॅसेटची तुटलेली फीत जोडली होती आणि तिने ती कॉम्प्युटरवर चढवून स्वच्छ केली होती.

एहसानबाईंनी डोळे मिटले. नर्गिसपुढे बाकीच्या सगळ्या गायिका पाणी भरतात, हे त्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं. तिसरा अंतरा आला. नर्गिसने ओळ उचलली, लांबवली, अलगद खाली ठेवली. बाई पुढे झुकल्या. मधे काहीच न येता तीच ओळ पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी दचकून डोळे उघडले.

"फतही कुठाय?"

"कोण फतही?"

"अगं, माझा नवरा! इथे ओरडतो ना तो. लग्नात हीच कॅसेट दिली मला. म्हणाला, ऐक, हा मी. तेवढाच आवाज उरलाय गं त्याचा."

शेरीनचा चेहरा उतरला. मैफलीतल्या श्रोत्यांचा गलका तिने कचरा समजून पुसून टाकला होता.

"दाद पुसलीस, पोरी?" शौकी उठला. "अर्धं गाणं तिथेच असतं."

त्याने मूळ कॅसेट जुन्या टेपमध्ये घातली. या वेळी ओळ संपता संपता गर्दीतून एक आरोळी उसळली, "परत, बाई! नबीची शपथ, परत!" आणि नर्गिसने तीच ओळ पुन्हा घेतली, आधीपेक्षा सावकाश.

"हाच!" बाईंचे डोळे भरून आले. "दहा वर्षं झाली जाऊन. अजून रोज ओरडतो."

शेरीन वडिलांकडे बघतच राहिली. दर शुक्रवारी जेवताना चमचा उगारून शौकी हीच आरोळी ठोकून दाखवायचा. त्या मैफलीत आपण नर्गिसला ओळ परत गायला लावली, हे सांगताना त्याचं वय निम्मं व्हायचं. टेपमधला आवाज त्याचाच होता, अगदी शंभर टक्के.

"बाबा, हा तर..."

"फतहीच," शौकी घाईने म्हणाला. "शेजारीच बसलो होतो मी. कानठळ्या बसल्या माझ्या."

"अगं बाई, खरंच?" एहसानबाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. "आणि तुम्ही काय ओरडलात, उस्ताद?"

शौकी फीत मागे घेत होता.

"मला कुठे काय सुचतंय, बाई. मी आपला नुसता ऐकत होतो."