भांड्यांवरचं नाव

माझं नाव मला लग्नात मिळालं आणि त्याचा मला भारी तोरा होता. माहेरची मी उर्मिला. लग्नाच्या दिवशी कार्यालयात ताटभर तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात ‘साधना’ लिहिलं आणि उर्मिलाचा विषय संपला. मैत्रिणी विचारायच्या, तुला राग नाही आला? कशाला येईल? पहिल्याच रात्री हे म्हणाले होते, “कॉलेजपासून मनात होतं. बायको मिळाली की तिला साधना म्हणायचं.”

आपल्याला बघितलंही नव्हतं तेव्हापासून कुणीतरी आपल्यासाठी नाव राखून ठेवलंय, या एका वाक्यावर मी अठ्ठावीस वर्षं संसार केला. बाकी आमचे हे, म्हणजे सूर्यकांत खांबेटे, इथे आखातात, मुसफ्फाच्या कारखानावस्तीतल्या एका फॅब्रिकेशन यार्डात इंजिनिअर. ह्यांचं प्रेम वेल्डिंगच्या रिपोर्टांवर. वाढदिवस मुलगी आठवण करून देते तेव्हा आठवतो. पण एवढं एक ह्यांनी केलं होतं आणि मला ते पुरत होतं.

हे सगळं मी जिलियनला मोठ्या ऐटीत सांगून ठेवलं होतं. जिलियन आमच्या खलिफा सिटीच्या शाळेत इंग्रजी शिकवते, मी तिथल्या लायब्ररीत. ती इंग्लंडातल्या विदरली नावाच्या खेड्यातली. एक चर्च, एक पूल आणि राहिलेल्या जागेत मेंढ्या. त्या गावाचा आणि स्वतःच्या घराण्याचा इतिहास ती गेली काही वर्षं खणत बसली आहे. चर्चमधल्या जन्म-लग्न-मरणाच्या जुन्या नोंदींचे फोटो ती ब्रेकमध्ये माझ्या कॉम्प्युटरवर उघडते आणि तिला न लागलेलं अक्षर मी लावते. आमच्या प्रिन्सिपॉलची सही जिला वाचता येते, तिला अडीचशे वर्षांपूर्वीचा पाद्री काय अवघड! हळूहळू मला तिचं अख्खं गाव पाठ झालं. हे चिडवायचे, “आपल्या घरात कोण गेलं ते तुला फोन आल्यावर कळतं, आणि तिकडच्या मेंढपाळाची सासूसुद्धा तुझ्या ओळखीची.”

एकदा एकाच घरात दोन हॅना सापडल्या. आईबाप तेच, नाव तेच, जन्म चार वर्षांच्या अंतराने. मला वाटलं पाद्रीबुवा डुलक्या काढत होते. जिलियन म्हणाली, नाही, पहिली लहानपणीच गेली. पुढची मुलगी झाली, तिला तेच नाव दिलं. त्या काळी सर्रास असं करायचे. पहिलीचा दगड चर्चच्या आवारात अजून उभा आहे. म्हणजे दुसरी हॅना दर रविवारी प्रार्थनेला जाताना स्वतःच्याच नावाच्या थडग्यावरून जात असणार.

माझ्या अंगावर काटा आला. “नावांचा काय दुष्काळ पडला होता का?” मी म्हटलं. “नवी पोर, तर नवं नाव द्या ना. मेलेलीचं कसलं घालता तिच्या गळ्यात?”

जिलियनची खरी अडचण बायकांची होती. लग्न झालं की आडनाव बदलतं आणि बाई कागदावरून गडप होते. मी म्हटलं, “आमच्याकडे तर पहिलं नावसुद्धा जातं.” ती बघतच राहिली. मग विचारलंन, तुमच्यात थडगीही नाहीत, मग तुम्ही तुमच्या पणज्या शोधायच्या कुठे?

“भांड्यांवर,” मी म्हटलं. आणि मग मला सांगावंच लागलं, की आमच्याकडे दिलेल्या-घेतलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेतात. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. बाई जाते, पातेलं राहतं. जिलियनला एवढा आनंद झाला की विचारू नका. चर्चमधल्या पितळी पाट्यांवर कागद ठेवून वरून काळा मेणाचा खडू घासायचा, म्हणजे झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात, असं तिने मला दाखवलं, आणि कागदाची गुंडाळी नि खडू माझ्या हातात कोंबला. सगळी भांडी घासून आण म्हणाली. भांडी घासणं मला नवीन नव्हतं, असं घासणं नवीन होतं.

शनिवारी हे भाजी-मासळी आणायला गेले आणि मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. अवनी, माझी मुलगी, सुट्टी म्हणून उशिरा उठून समोर कॉफी पीत बसली होती. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

सुरुवात पितळी डब्यापासून केली. सासूबाईंनी मी इकडे यायला निघाले तेव्हा त्यात बेसनाचे लाडू भरून दिले होते. तेव्हापासून हा डबा माझ्या ओट्यावर आहे. झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, ‘सौ. साधना सूर्यकांत खांबेटे’. त्याखाली बोटभर जागा खरवडल्यासारखी. मी एकदा विचारलं होतं तर सासूबाई म्हणाल्या होत्या, “दुकानात पडला होता गं, म्हणून तर भाव कमी केला.” त्यांची काटकसर जगजाहीर होती, मला पटलं.

मी कागद ताणून धरला, अवनीने खडू फिरवला. नाव उठलं. हात तसाच खाली गेला आणि त्या खरवडलेल्या जागेवर एकेक टिंब दिसायला लागलं. दोन, दोन. पाच. नऊ, चार.

“आई, यू गॉट मॅरीड इन नाइंटी-सिक्स, राइट?” अवनीने विचारलं.

“डिसेंबर शहाण्णव.”

“सो हू इज धिस?”

मी म्हटलं, दुकानदाराची चूक असेल. म्हणून तर खरवडलं असेल. बोलताना माझं मलाच पटत होतं, कारण न पटून करते काय? मग मी कपाटाच्या वरच्या फळीवरून देवाचं ताम्हन काढलं. सासूबाई गेल्यावर ह्यांनी पुण्याहून आणलं होतं, कापडात गुंडाळलेलं, कधी न वापरलेलं. ते खरवडायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याच्या पाठीवर कागद-खडू काही लागला नाही. ‘सौ. साधना हिस लग्नाप्रीत्यर्थ, सासूबाईंकडून, २२-५-९४.’

मे चौऱ्याण्णवमध्ये मी उर्मिला होते. एम. ए.ची परीक्षा देत होते आणि सूर्यकांत खांबेटे नावाचा प्राणी पृथ्वीवर आहे याचा मला पत्ता नव्हता.

हे पिशव्या घेऊन आले. “यल्ला, चल लवकर, सुरमई बघ कसली मिळालीय. पंचेचाळीस दिरहम. हजार रुपये झाले म्हणजे, पण ताजी है एकदम.” मी ताम्हन उलटं करून ह्यांच्यापुढे ठेवलं. अवनी उठून आपल्या खोलीत गेली. शहाणी पोर आहे.

ह्यांनी वाचलं आणि पिशव्या हातात धरूनच खुर्चीत बसले.

“झालं ते इतकं जुनं आहे,” हे शेवटी म्हणाले. “चार महिने. तिला लग्नच नको होतं, घरच्यांनी जबरदस्तीने केलं. निघून गेली माहेरी. मग डिव्होर्स. खलास. त्यात सांगण्यासारखं काय होतं?”

“तिचं नाव साधना?”

“नाही, तिचं मुग्धा. साधना हे आपल्याकडचं.”

आपल्याकडचं! म्हणजे तिलाही ते तांदळात लिहून दिलं होतं. ह्याच अंगठीने असेल. मला वाटत होतं, हॅनासारखं पहिलीचं नाव तरी मला दिलं असेल. तसंही नव्हतं. ते कुणाचंच नव्हतं. इथे कंपनीत एक माणूस सोडून गेला की त्याच जागेवर, त्याच व्हिसावर दुसरा आणतात, तशी मी आले होते.

“आणि मलाही तेच का?” मी विचारलं.

“आई म्हणाली.” हे पिशवीच्या गाठीशी चाळा करत होते. “सगळ्या भांड्यांवर नाव घालून झालं होतं, साधना. अख्खा सेट. आई म्हणाली, एवढी भांडी काय मोडीत काढायची? तारखा तेवढ्या घालवू.”

मी हसले. खरंच हसू आलं मला. लोकांकडे भांड्यांवर बायकोचं नाव घालतात, आमच्याकडे बायकोवर भांड्यांचं घातलं.

“आणि कॉलेजपासून मनात होतं ते?”

“तू विचारलंस तेव्हा काहीतरी बोलायला पाहिजे होतं ना.”

ते पहिलं लग्न मी त्या क्षणी माफ केलं असतं. तरुण पोरगा, आईच्या धाकातला, मोडलेला संसार, लपवतात माणसं. पण हे वाक्य मी जपलं होतं. ह्यांनी कधी फूल आणलं नाही, तेव्हा हे वाक्य काढून बघितलं होतं. बाळंतपणात हे साइटवर होते, तेव्हाही. आणि ह्यांनी ते ‘काहीतरी बोलायला पाहिजे’ म्हणून टाकलं होतं.

“तू मला फसवलंस,” मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ह्यांना अरे-तुरे गेलं. “माझ्या घरी कुणाला माहीत होतं?”

“तुझ्या बाबांना. आम्ही लपवलं नाही त्यांच्यापासून. तेच म्हणाले, पोरीला सांगू नका, नाही म्हणेल.”

तांदळात नाव लिहिल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हा बाबा पाणी प्यायला उठून गेले होते. मला वाटलं होतं, लेक परकी झाली म्हणून गलबलून आलं. आता बाबा नाहीत. विचारायचं कुणाला?

जिलियनची हॅना माझ्याहून सुखी म्हणायची. तिचा दगड उघड्यावर होता, कुणी तो खरवडला नव्हता. तिला वाचायला आल्याबरोबर सगळं कळलं असेल. मी एम. ए. झालेली, परक्या गावातल्या परक्या बायका शोधून देणारी, आणि रोज सकाळी त्या झाकणावरून हात फिरवून चहाबरोबर लाडू काढत होते.

“मला माझ्या नावाने हाक मार,” मी म्हटलं.

ह्यांनी प्रयत्न केला, तेवढं खरं. “उर्मिला,” म्हणाले. बँकेत टोकन आल्यावर नाव पुकारतात, त्या आवाजात. मग स्वतःच ओशाळले. “अगं, पासपोर्ट, एमिरेट्स आयडी, अवनीचं बर्थ सर्टिफिकेट, सगळीकडे साधना आहे. आता या वयात बदलून काय करणार?”

मी उठून बाल्कनीत जाऊन बसले. समोरच्या व्हिलाचा माळी झाडांना पाणी घालत होता. आत पिशव्यांचा आवाज झाला, फ्रिज उघडला, मिटला. गॅस पेटल्याचं कळलं. बहुधा चहा टाकला असावा, माफी मागण्याची ह्यांची तेवढीच रीत आहे.

थोड्या वेळाने हाक आली. नेहमीच्या सुरात, जरा जास्तच मऊ.

“साधना, चहा झालाय गं.”

मी मान वळवली होती, उठायला हातही टेकला होता. अठ्ठावीस वर्षांची सवय. मग बसले तशीच खाली. हाक त्या भांड्यांना होती. आलं असतं त्यांतलं एखादं, तर घेऊन गेलं असतं चहा.

“साधना?” हे पुन्हा म्हणाले.

मी ओ दिली नाही.