रिक्षातून छपाईला गेलेला संगणक

मित्रांनो, माझे झाकण उघडून आत पाहाल तर तुम्हाला कापसाचा भुगा दिसेल. यंत्रमागांच्या भिवंडीत राहिलेल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात तो असतोच. मी कामतघरातल्या एका घरचा जुना संगणक आहे. आता खिडकीपाशी एका स्टुलावर बसलेला असतो.

माझा जन्म एखाद्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. १९९१ साली मुंबईतल्या एका माळ्यावर, लाकडी टेबलावर, एका माणसाने स्क्रू पिळून मला जोडले. पत्रा एकीकडचा, तबकडी दुसरीकडची, कळफलक तिसरीकडचा. मग अंजूरच्या रस्त्यावरच्या एका मालवाहतूक कचेरीत मी पाच वर्षे ट्रकांचे नंबर लिहून ठेवले. सुरुवातीला लोक चपला बाहेर काढून मला बघायला येत. दसऱ्याला झेंडूची माळ मिळे. पुढे तिथे नवा संगणक आला आणि मला विकायला काढले.

१९९६च्या पावसाळ्यानंतर सुमतीबाईंनी मला घरी आणले. त्यांचे यजमान शरच्चंद्रराव टपाल कार्यालयात कारकून. सुमतीबाई अकरा वर्षे घरबसल्या मराठी टाइपरायटरवर एका शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करत. स्टेन्सिल नावाच्या मेणकागदावर त्या अक्षरे उमटवत आणि शाळा त्यावरून शेकडो प्रती काढी. मला घेण्यासाठी त्यांनी तो टाइपरायटर पडघ्याच्या एका वकिलाला विकून टाकला होता. घरात पाऊल ठेवतानाच मला हे कळले आणि माझी धाकधूक सुरू झाली. मी चाललो नाही, तर या बाईंना मागे फिरायला वाटच नव्हती.

त्याचे कारणही सांगतो. मी घरात आलो त्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिका आनंदीबाई आल्या.

"सुमती, तुझं काम स्वच्छ असतं," त्या म्हणाल्या. "पण पालक सभेत विचारतात, दुसऱ्या शाळांचे पेपर पुस्तकासारखे दिसतात, आपलेच असे का? या सहामाहीच्या पहिल्या दिवसाचे सात पेपर तुला देते. जमलं तर वार्षिकही तुझंच. नाही जमलं तर मला बाजारातल्या संगणक-टायपिंगच्या सेंटरला काम द्यावं लागेल. राग मानू नकोस हं."

"राग कसला, बाई," सुमतीबाई म्हणाल्या. शिक्षकांनी हाताने लिहिलेले ते सात पेपर घेऊन त्यांनी माझ्याशेजारी ठेवले.

मित्रांनो, संगणक म्हणजे नुसते भांडे. त्यात काय शिजवायचे ते सॉफ्टवेअर ठरवते. माझ्यात तर ट्रकांच्या नंबरांपलीकडे काही नव्हते. तेव्हा शरच्चंद्ररावांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन नावे लिहिली. पहिले, ऑफिसच्या सगळ्या कामांचे परदेशी सॉफ्टवेअर. त्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त, म्हणून त्यावर लगेच काट मारली. दुसरे 'बोरू', एका लहानशा देशी कंपनीचे. एकच फ्लॉपी, सोबत शिवलेली पुस्तिका, किंमत नऊशे रुपये आणि काम एकच, मराठी लिहिणे. तिसरे म्हणजे ते पहिलेच परदेशी सॉफ्टवेअर, पण नाक्यावरच्या दुकानदाराने नक्कल केलेले. अठरा फ्लॉप्या, दीडशे रुपये.

"अहो, मला फक्त पेपर टाइप करायचेत."

"आज पेपर. उद्या तक्ते लागतील, परवा चित्रं लागतील. नऊशे रुपये देऊन नुसतं लिहायचं? इथे दीडशेत अख्खं ऑफिस घरात येतंय!"

"ऑफिस कशाला हवंय घरात? संध्याकाळी तुम्ही येता तेवढं पुरे आहे."

शरच्चंद्रराव हसले, पण हटले नाहीत. दुकानदार घरी आला तेव्हा सुमतीबाईंनी त्यालाही विचारून पाहिले, "आणि बिघडलं तर?"

"वहिनी, टेन्शन लेने का नहीं. अख्खी भिवंडी हेच वापरते. काही झालं तर मी हाय ना!"

मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते, की माझी स्मृती फार थोडी आहे. लहान टेबलावर मोठी पंगत मांडली तर वाढणार कुठे? सगळी दुपार तो एकेक फ्लॉपी माझ्यात सारत होता. सातवी दोनदा अडकली. मराठी अक्षरे त्या अठरांत नव्हतीच. ती त्याने कोणा ओळखीच्याकडून एकोणिसाव्या फ्लॉपीवर आणून दिली. मग माझे पोट असे भरले, की साधे एक पान उघडायलाही मला दम लागू लागला.

त्यात अक्षरांच्या जागा बदललेल्या. सुमतीबाईंची बोटे अकरा वर्षांच्या सवयीने 'क'वर जात आणि पडद्यावर भलतेच उमटे. शेवटी त्यांनी कागदाचे कपटे कापून, त्यांवर एकेक अक्षर लिहून माझ्या कळांवर डिंकाने चिकटवले. शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की वीज लटपटायची आणि माझा पडदा आक्रसायचा. म्हणून त्या दर ओळीनंतर लिहिलेले साठवत आणि लगेच माझ्याकडे बघत. आहे ना रे जागेवर? मी आपला घुरघुरत असे. दहा दिवस हे चालले. बुधवारी दुपारी सातवा पेपर पुरा झाला. गुरुवारी चार वाजेपर्यंत स्टेन्सिल आनंदीबाईंच्या हातात द्यायचे होते. शुक्रवारी सकाळी परीक्षा होती.

घरात प्रिंटर नव्हता. तो बाजारपेठेत दामूकाकांच्या छपाईच्या दुकानात होता. गुरुवारी सकाळी दहाला सुमतीबाई फ्लॉपी पदरात गुंडाळून तिकडे गेल्या. पुढचे मी पाहिले नाही, पण दामूकाकांनी ते इतक्यांदा सांगितले आहे, की मला पाठ झाले.

त्यांनी फ्लॉपी आपल्या संगणकात घातली आणि फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, डॉलरची चिन्हे. पानभर तेच. मराठीचा काना नाही की मात्रा नाही.

"काका, ही माझी फाईल नाहीच."

"नाव तर तुमचंच हाय, ताई. दुसरी बघू." दुसरीही तशीच. सातही तशाच. दामूकाकांनी चष्मा कपाळावर सारला. "ताई, या साली पेपर फुटनारच न्हाय बगा. कुनाला वाचताच येनार न्हाय!"

सुमतीबाईंना हसू आले नाही. त्या स्टुलावर बसल्या. मग दामूकाकाही गंभीर झाले. "तुमच्या घरच्या मशीनमधी ती अक्षरं हायत, माज्यात न्हायत. एवडीच गोष्ट हाय. त्या दुकानवाल्याला बोलवा."

दुकानाला कुलूप होते. शेजारच्याने सांगितले, मालक गावाला गेलाय, सोमवारी येईल.

आज तुम्ही म्हणाल, ती एकोणिसावी फ्लॉपी न्यायची, अक्षरे दामूकाकांच्या यंत्रात उतरवायची, झाले काम! खरे आहे. ती फ्लॉपी माझ्याच टेबलाच्या खणात पडली होती. पण तेव्हा हे ना सुमतीबाईंना ठाऊक होते, ना दामूकाकांना. त्यांना एकच उपाय सुचला.

"मंग मशीनच आना ना हितं!" दामूकाका म्हणाले.

साडेअकराला सुमतीबाई धापा टाकत घरी आल्या. शरच्चंद्रराव कामावर होते. त्यांनी एकटीनेच माझ्या तारा सोडवल्या, कुठली तार कुठे ते कपट्यांवर लिहून बांधले, पडदा आणि कळफलक मागे ठेवले आणि माझे धड गोधडीत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेतले.

"भाभी, बच्चा बीमार है क्या?" रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारले.

"बच्चाच समझो. धीरे चलाओ, भैया."

"इस रोड पे धीरे क्या और तेज क्या! गाडी तो कूदेगीच."

मित्रांनो, माझ्या आत एक तबकडी असते आणि तिच्यावर केसापेक्षाही कमी अंतर राखून एक टोक उभे असते. ते टोक टेकले, की तिथले लिहिलेले गेले. टाइप केलेले ते सात पेपर माझ्यात आणि त्या फ्लॉपीवर, एवढ्या दोनच जागी होते आणि फ्लॉपीवरचे कोणाला वाचता येत नव्हते. प्रत्येक खड्ड्यात सुमतीबाई मला अलगद उचलून धरत. एका मोठ्या खड्ड्यात माझ्या आत काहीतरी निसटले. ते मला कळले, पण सांगणार कसे?

दामूकाकांनी मला आपला पडदा, कळफलक आणि प्रिंटर जोडला. बटण दाबले. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला.

सुमतीबाईंनी पदराचे टोक तोंडाला लावले. दामूकाकांनी स्क्रू काढून माझे झाकण उघडले. "अरारा! ताई, यात तर कापसाचं गोदाम हाय." त्यांनी फुंकर घातली, एकेक पट्टी बोटाने चाचपली. एक सैल लागली. ती अंगठ्याने दाबून बसवली. पुन्हा बटण. मी जागा झालो! पडद्यावर पेपर उघडला, आणि त्यात मराठी अक्षरे होती.

ते पाहताच दामूकाका उठून दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून.

"काका, जरा थांबा ना इथे. मला प्रिंटरचं काही कळत नाही."

"तितूनच विचारा, मी हितून सांगतो. माजी नात सातवीत हाय तुमच्याच शाळंत. मी आत बसायचा न्हाय."

मग दामूकाका बाहेरून ओरडून सांगत होते आणि सुमतीबाई आत करत होत्या. प्रिंटरची शाईची फीत काढायची, म्हणजे त्याच्या सुया थेट मेणकागदाला भोके पाडतात. तो कागद सरळ लावायचा. पहिला पेपर निघाला. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला मी अडकलो. पेपर आणि प्रिंटर दोन्ही एकदम सांभाळणे माझ्या थोड्या स्मृतीला झेपेना. मला बंद करून पुन्हा चालू केले, एकेक पान वेगळे काढले. सहावा निघाला तेव्हा सव्वातीन झाले होते. सातवा, सातवीच्या विज्ञानाचा. तो मी उघडूच शकलो नाही. तीनदा प्रयत्न झाला आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितले, स्मृती पुरेशी नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सुमतीबाईंनी घड्याळाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी दामूकाकांची टोकदार लेखणी घेतली, विज्ञानाच्या गुरुजींचा हाताने लिहिलेला मूळ कागद पिशवीतून काढून समोर ठेवला आणि तो पेपर मेणकागदावर हाताने कोरायला बसल्या. वळणदार, एकसारखे अक्षर. शेवटी फुलाची आकृतीसुद्धा काढली. चारला पाच मिनिटे असताना त्या शाळेकडे निघाल्या, जवळजवळ धावतच.

दुसऱ्या दिवशी परीक्षा सुटल्यावर आनंदीबाई आल्या. सुमतीबाई दारातच उभ्या राहिल्या.

"सहा छापील आणि एक हाताचा," आनंदीबाई म्हणाल्या. "सातवीतली पोरं विचारत होती, हाताचा पेपर मुद्दाम अवघड काढलाय का म्हणून!" मग म्हणाल्या, "वार्षिक तुझंच. पण असा गुरुवार मला पुन्हा नको."

त्या संध्याकाळी सुमतीबाईंनी स्वतः कोरा कागद घेतला. या वेळी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे ते त्यांनी लिहिलेच नाही. आपल्याला रोज काय लागते, आपल्या बोटांना काय येते, हे यंत्र काय पेलेल आणि आपले लिहिलेले आणखी कोणाला उघडावे लागते, एवढेच लिहिले. शरच्चंद्ररावांनी कागद वाचला आणि एक पोस्टकार्ड आणून दिले. त्यावर सुमतीबाईंनी 'बोरू'च्या कंपनीला विचारले, की एक प्रत घरी आणि छपाईच्या दुकानी अशा दोन जागी चालेल का? आठ दिवसांत होकार आला. दामूकाकांनी निम्मे पैसे घातले. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिले होते, की अक्षरांच्या जागा मराठी टाइपरायटरप्रमाणेच. सुमतीबाईंनी माझ्या कळांवरचे कपटे ओल्या फडक्याने एकेक करून काढले. अठरा फ्लॉप्यांचे ओझे उतरल्यावर मी किती हलका झालो ते काय सांगू!

पुढची तीन वर्षे माझ्या सुखाची. शाळेचा एकही पेपर अडला नाही. घरात जुना प्रिंटरही आला. सरावासाठी जुने पेपर मागायला चाळींतली मुले येऊ लागली आणि घरातल्या छापील प्रती त्यांच्याकडेच गेल्या.

गेल्या दिवाळीत, म्हणजे १९९९ साली, घरात नवा संगणक आला. त्यावर 'बोरू' चालत नाही. कंपनीचा फोन लावला तर तो लागत नाही, पोस्टकार्ड परत येते. ती लहानशी कंपनी बंद पडली असावी. दामूकाकांचे यंत्रही बिघडून भंगारात गेले. तीन वर्षांचे सगळे पेपर आता माझ्यात आहेत आणि ते वाचू शकणारा मी एकटाच उरलो आहे. निवड चुकली नव्हती, मित्रांनो. पण दर थोड्या दिवसांनी लिहिलेल्याची एक प्रत घरासाठी कागदावर काढून ठेवायला हवी होती, ती राहून गेली.

म्हणून दर रविवारी सकाळी सुमतीबाई मला सुरू करतात आणि एकेक पेपर छापून काढतात. अजून बेचाळीस पेपर उरले आहेत. हल्ली सुरू होताना माझ्या आत टक् टक् असा आवाज येतो. तो ऐकला की त्या श्वास रोखून थांबतात. पुढच्या रविवारी मी उठेन की नाही, मला माहीत नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. त्याची धूळ पुसायची घाई करू नका. आधी त्याला सुरू करा आणि त्याच्यापाशी जे आहे ते कागदावर उतरवून घ्या. पुसायचे काम मागाहूनही होईल.