ठकीच्या मोज्यांचे तळवे

घरातल्या तिघी मिळून माझ्यापासून काहीतरी लपवत होत्या. बायको, सासूबाई आणि ठकी. ठकी म्हणजे माझी पोरगी. वय अकरा महिने.

मी फ्रिज दुरुस्त करतो. हिवाळ्यात कुणाचा फ्रिज बंद पडला तरी लोक म्हणतात, राहू दे, उन्हाळ्यात बघू. त्यामुळे सकाळभर मी घरीच. बाहेर हा गारठा, पोरीला नेणार कुठं? मग मोबाईलवर बघून बघून खेळ शिकलो. मोज्यांच्या जोड्या लावायच्या. परातीत पीठ पसरून बोटानं रेघा मारायच्या. फ्रिजच्या खोक्याची दोन्ही तोंडं कापली की झाला बोगदा. ठकी त्यातून रांगत जाते आणि पलीकडून डोकं काढून हसते.

दुपारी मात्र कामावर जावंच लागतं. घोळ तिथंच. तिचा पहिला दात मी बघितला नाही. ती पहिल्यांदा रांगली तेव्हा मी एका हॉटेलात फ्रिजच्या मागं आडवा होतो. म्हणून घरात जाहीर करून टाकलं होतं, "पहिलं पाऊल मी बघणार. माझ्या आधी कुणी बघितलं तर याद राखा."

सोमवारी संध्याकाळी कुलपात चावी फिरवली तर आतून कुजबुज, "बश, बश!" मग धप्प. दार उघडलं. बायको शिलाई मशीनवर, सासूबाई पलंगावर, ठकी जमिनीवर. तिघी अगदी साळसूद.

"काय चाललंय?"

"कुठं काय?" बायको म्हणाली. मशीनमध्ये कापडच नव्हतं.

मंगळवारी तेच. बुधवारी पण तेच. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आमच्या कामात एक साधा हिशोब असतो. मशीन बोलत नाही, पण कुठं घासलंय ते बघायचं. रात्री ठकीचे कपडे बदलताना बघितलं. रांगणाऱ्या पोरीच्या, दुपारी घातलेल्या पायजम्याचे गुडघे मळकट हवेत. ते स्वच्छ! आणि मोज्यांचे तळवे काळेकुट्ट.

गुरुवारी पिठाचा खेळ झाल्यावर मशीनपासून खोक्यापर्यंत थोडं पीठ मुद्दाम सांडून ठेवलं आणि कामावर गेलो. तासाभरात परत. फरशी लख्ख.

"आई, तुम्ही भरदुपारी फरशी पुसली?"

"का हो जावईबापू, स्वच्छता वाईट असते का?"

गुडघ्यावर बसून मशीनखाली मोबाईलचा उजेड मारला. फडकं तिथं पोचलं नव्हतं. पिठात एक पाऊल. एवढंसं. मोज्याची वीणसुद्धा उमटलेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

सासूबाईंनी बायकोकडं बघितलं. बायकोनं ठकीकडं.

"रविवारपासून," बायको म्हणाली. "तू फ्रिज पोचवायला टेम्पो घेऊन गेलास ना, तेव्हा. अरे, तुझं तोंड एवढंसं झालं असतं. म्हटलं, येत्या रविवारी तुझ्यासमोर चालवू. तुला पहिलंच वाटलं असतं."

"आणि ते बश बश?"

"तू समोर असलास की तिला खाली बसवायचो. आता चावी वाजली की आपली आपणच बसते." हे सांगताना तिचा आवाज जरा अभिमानी झाला.

"चार दिवसांत हे शिकवलं? मी महिनाभर मोजे जुळवतोय, तिला डावा-उजवा कळत नाही!"

"शिकवायला आई लागते," सासूबाई.

मी ठकीला उभं केलं. चार पावलं मागं गेलो. हात पसरले. "ये."

तिनं माझ्याकडं बघितलं. धप्प.

पुन्हा उभं केलं. धप्प. वर टाळ्या पिटल्या, शाबासकी द्या म्हणून. पाच वेळा केलं. पाचही वेळा बसली. बायको रडकुंडीला आली. "आता आयुष्यभर बापासमोर बसूनच राहते की काय ही!"

मग मला सुचलं. मी खोक्याजवळ बसलो. भिंतीकडं तोंड, पाठ खोलीकडं. जणू मी घरातच नाही.

कुणी हललं नाही. मग मागून मोज्यांची घसरती चाल ऐकू आली. थांबली. परत सुरू झाली. मान वळवायची एवढी खाज सुटली की मी खोक्याची कड घट्ट धरली.

मानेवर दोन गार, पिठाळलेले पंजे पडले.

आणि कानाशी, जन्मातला पहिला शब्द, हुकूम सोडल्यासारखा:

"बश!"

मी बसलेलोच होतो. तरी आणखी जरा खाली बसलो.