दोन काठांचं पाणी

त्याने दोर आणखी सैल सोडला. पांढरी थाळी हिरवट पाण्यात फिकी होत गेली आणि दिसेनाशी झाली. दोरावरची खूण पाहून त्याने आकडा लिहिला. थाळी जितकी खोल दिसेल, तितकं पाणी स्वच्छ.

मागे प्रयोगशाळेतल्या बाई उभ्या होत्या. तळ्याच्या दोन काठांवरच्या केंद्रांपैकी एक बंद होणार अशी कुणकुण होती. होणार तर पलीकडचंच, हे त्याने धरून ठेवलं होतं. तिथे त्याची बायको थाळी सोडायची. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हापासून सून सोडते.

बाईंनी समजावून सांगितलं. दोन्ही काठांच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, असं धरून त्यांचं सगळं गणित चालतं. प्रयोगशाळेच्या मोजणीशी ताडून पाहिलं, तर जुन्या नोंदींत एका काठाचा आकडा जास्त निघाला की दुसऱ्याचाही जास्तच, कमी निघाला की दुसऱ्याचाही कमीच. एकाच माणसाने दोनदा सांगितल्यासारखं. मग दुसरं केंद्र हवं कशाला?

"पण गेल्या वर्षापासून तसं नाही," त्या म्हणाल्या. "आता दोन्ही आकडे आपापले येतात. असंच राहिलं तर दोन्ही केंद्रं राहतील. काय बदललं हो, काका?"

तो दोर गुंडाळू लागला. पूर्वी तो आणि बायको आधी चहाला बसायची आणि मग लिहायची, हे त्याने सांगून टाकलं. ती म्हणायची, इतकं खोल दिसलं? चष्मा बदला आता. मग तो थोडं कमी करायचा, ती थोडं वाढवायची.

"आणि आता?"

"आता घरात फारसं बोलणं होत नाही."

बाईंनी ते टिपून घेतलं नाही.

संध्याकाळी सून पलीकडच्या काठावरून परतली. रोज ती त्याचा चहा ठेवून आत निघून जाई. आज दोन कप घेऊन समोर बसली. केंद्राचं तिच्याही कानावर आलं होतं.

"बाबा, तुम्हाला आज किती दिसलं? माझं चुकलं असेल तर जुळवून घेते."

आकडा त्याच्या ओठांवर आला होता.

"आधी तुझा लिही," तो म्हणाला. "मग सांगतो."

ती लिहीपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्याने आपला आकडा सांगितला. तिने स्वतःचा पुन्हा पाहिला आणि तिला हसू आलं.

"इतकं खोल? चष्मा बदला बाबा तुम्ही."

त्याने पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि चहाचा कप जवळ ओढला.