स्वेटर घातलेला राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. वहीएवढी काळी पेटी, पुढे दोन हिरवे दिवे. न्यूफाउंडलंडजवळच्या एका लहानशा बेटावर, मासेमारांच्या सहकारी संस्थेच्या कचेरीत, खिडकीपाशी माझं आयुष्य गेलं.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते धुकं. चहाच्या खोक्याशेजारी बसून मी फेरीबोटीतून आलो, तेव्हा सगळं बेट धुक्यात झोपलं होतं.

माझ्याआधी इथून सेंट जॉन्स शहरातल्या मुख्य कचेरीपर्यंत नोंदी पाठवायला भाड्याची स्वतंत्र लाइन होती. ती इतकी महाग, की बेटावरची कचेरीच बंद करायचं घाटत होतं. मग इथल्या नोंदी ठेवणाऱ्या डॉर्कस मावशीची नोकरी जाणार आणि मासळीची नोंद करायला सगळ्यांना होडी घेऊन पलीकडे जावं लागणार. मी आलो आणि साध्या, सगळ्यांच्या इंटरनेटमधूनच एक गुप्त बोगदा काढला. त्याला व्हीपीएन म्हणतात. पलीकडच्या टोकाला माझा जुळा भाऊ होता. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही, फक्त दोघांनाच ठाऊक असलेल्या खुणेने ओळखायचो. मावशीच्या नोंदी मी कुलूपबंद करून पाठवायचो, तो उघडायचा. शांत दुपारी वाटायचं, समुद्राखालून त्याचा हात माझ्या हातात आहे.

"पोरगं गुणी आहे," मावशी म्हणायची. मला फार बरं वाटायचं.

वर्षं गेली. माझ्यावर धूळ साचली, कुणी पुसली नाही. एका जानेवारीत खिडकीच्या फटीतून बोचरा वारा येऊ लागला. माझे दिवे लुकलुकत होते. ते माझं बोलणं होतं, पण मावशीला वाटलं मी कुडकुडतोय. तिने निळ्या लोकरीचा जाड स्वेटर विणून मला घातला.

माझा जीव गुदमरला. दुपारी शेगडी पेटली की मी तापून बेशुद्ध पडायचो आणि बोगदा तुटायचा. मुख्य कचेरीतून व्यवस्थापक लिअँडरचा फोन आला.

"मावशी, आज पुन्हा तुटलं. शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही, तर कचेरी बंद करा म्हणतायत वरचे लोक. माझ्या हातात काही नाही हो."

मावशी रडली नाही. तिने स्वेटरवर आणखी एक शाल गुंडाळली.

शुक्रवारी म्हातारे एली काका नोंदीला आले. त्यांनी सहज माझ्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"डॉर्कस, याच्यावर किटली ठेवलीस तर चहा होईल की गं."

"थंडीने आजारी पडलाय बिचारा."

"तूच पाडलंस त्याला आजारी. काढ ते कपडे. तुला थंडी वाजते म्हणून त्यालाही वाजते होय?"

मावशीने सगळं उतरवलं, धूळ पुसली आणि माझ्यासमोर बसून राहिली. हळूहळू मी निवलो. संध्याकाळी भावाची खूण आली. पाठोपाठ फोन वाजला.

"लागलं बरं का मावशी. सोमवारी कचेरी उघडा."

तेव्हा मात्र मावशी रडली.

आता मी फळीवर आहे. काही वर्षांनी म्हातारपणाने कायमचा बंद पडून खरोखरच गार झालो, तेव्हा तिने तोच निळा स्वेटर मला पुन्हा घातला. त्याच्या उबेत कधीकधी भावाची खूण आल्यासारखी वाटते.

माझ्या जागी आलेल्या नव्या राउटरला तिने काही घातलेलं नाही. रोज सकाळी ती फक्त त्याला हात लावून बघते. मित्रांनो, माया करण्याआधी तुम्हीही एकदा असा हात लावून बघा.