नमुन्यातला डोंगर

"थांब. बॉर्डर आहे," आंटी हुइया म्हणाली.

बॉर्डर म्हणजे दोन ट्रॅफिक कोन आणि त्यांना बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी. पलीकडे एक तंबू, सॉसेज भाजणारा एक पुतण्या आणि त्याच सकाळी स्थापन झालेलं प्रजासत्ताक. लोकसंख्या नऊ, त्यात दोन कुत्री. अवोन्डेलजवळचा हा ओढ्याकाठचा तुकडा गोऱ्या साहेबानं आंटीच्या माओरी पणजोबांकडून रस्त्यासाठी म्हणून काढून घेतला होता. रस्ता झालाच नाही. आता टाउनहाउसेस होणार होती, म्हणून क्रांती.

देवव्रत सर्व्हेअर होता. हातात हद्दीचा खुंटा. तो आज ठोकला नाही तर कंत्राट जाणार, त्यामागून नोकरी, नोकरीमागून व्हिसा.

फोनवर त्याची बायको मृदुला होती. "आत गेलास का?"

"अगं, इथं इमिग्रेशन आहे."

"तिथंपण? देवू, काय हवं ते सांग त्यांना. आपल्या सिद्धीची शाळा आहे इथं."

आंटीला कागदपत्रं नको होती. "तुझा डोंगर कोणता, नदी कोणती, माणसं कोणती, ते सांग. मग आत."

देवव्रतला हायसं वाटलं. अशी माओरी पद्धतीनं ओळख करून द्यायला ऑफिसच्या वर्कशॉपमध्ये शिकवलं होतं. बाकीचे आपापला डोंगर आठवत बसले, तेव्हा त्यानं इथल्याच कुणाच्या तरी ओळखीचा छापील नमुना पाठ केला होता. गाइडातली उत्तरं पाठ करूनच तो पुण्यात इंजिनिअर झाला होता; पद्धत बदलायचं कारण नव्हतं. त्यानं खणखणीत माओरीत सगळं म्हणून दाखवलं.

पुतण्याचा चिमटा हवेतच राहिला.

"तो डोंगर माझा आहे, बॉय." आंटीनं अंगठ्यानं मागे दाखवलं. डोंगर तिथंच होता. "नदीपण. आणि शेवटी ज्यांचं नाव घेतलंस ना, ते माझे आजोबा. जमीन नेलीत, आता आजोबापण?"

"सॉरी आंटी. नमुन्यात होतं."

"बरं, तुझा खरा सांग."

"घरामागं टेकडी होती. ती फोडून सोसायटी झाली. नदीत पार्किंग आहे."

"म्हणजे तुमचंपण नेलं."

"नाही. त्या सोसायटीत आम्हीच फ्लॅट घेतला."

 आंटीनं दोरी खाली केली. "ये. निर्वासित म्हणून घेते."

सॉसेज चालत नव्हतं, म्हणून त्याला नुसता पाव आणि टोमॅटो सॉस मिळाला. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याही देशानं त्याचा अर्ज इतक्या लवकर मंजूर केला नव्हता.

जेवणं होईपर्यंत पोलीस आले. अगदी सभ्यपणे, 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत. तंबूची घडी घालायला त्यांनीच मदत केली. सार्जंटनं देवव्रतला विचारलं, "मेट, तू कुणाकडचा?"

तोंडात पाव होता. त्यानं तो गिळला.

"कंपनीकडचा."

आंटीनं ऐकलं.  देवव्रतनं जागा मोजली, खुंटा रोवला; पण माती ओली, खुंटा कलायला लागला. तेव्हा आंटी आली, गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी तिनं तो धरला.

"सरळ ठोक. किती नेलंत ते नीट मोजलेलं राहू दे. वाकडा गेला तर नातवंडांना पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागेल."

"आंटी, हात काढा."

"तू ठोक."

त्यानं हातोडा उचलला. आंटीनं हात काढला नाही. तो हळूहळू ठोकत राहिला.