गोधडीच्या पोटातलं पातळ

शुक्रवारी दुपारी राबियाच्या मोबाइलवर धम्मशीला सिस्टरचा निरोप आला.

"भाभी, साड्या ज्याच्यात बांधून आणल्या होत्या ते पांढरं पातळ वेगळं काढून ठेवजा. आईचं हाय. परवा कार्यक्रमात फोटोपुढे ठेवाचं हाय."

निरोप तिने लगेच उघडला, ही पहिली चूक. तिकडे आता दोन निळ्या खुणा उमटल्या असणार. वाचलं आणि उत्तर नाही, हे सिस्टरला दिसणार.

*हाव सिस्टर, ठेवलं हाय वेगळं.*

पुसलं.

*कोणतं पांढरं पातळ सिस्टर?*

पुसलं. हे तर पहिल्यापेक्षा वाईट.

पातळ कुठे आहे ते राबियाला नेमकं ठाऊक होतं. समोर पलंगावर तीन गोधड्या घडी करून ठेवल्या होत्या. एक हिरवी, एक जांभळी, एक विटकरी. पातळाचे तीन तुकडे झाले होते आणि एकेक तुकडा एकेकीच्या पोटात होता.

पोट म्हणजे गोधडीचा मधला थर. वर चांगली साडी, खाली चांगली साडी, आणि मध्ये जे कुणाला दिसायचं नाही ते. फाटलेलं, विटलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यातही पांढरं सुती मिळालं तर काय विचारता. रंग सुटत नाही, वरच्या साडीतून डाग दिसत नाही, सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. माहेरी डोणगावात राबियाच्या आईने हाताने गोधड्या घातल्या, त्या आईच्या आईनेही घातल्या, आणि गाठोडं ज्यात बांधून येतं ते फडकं पोटात घालायचं हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. गाठोडं आलं की ते सगळं गोधडीचंच. कुणी कधी बांधायचं फडकं परत मागितलं नव्हतं.

पण ते फडकं नव्हतं. निळ्या काठाचं पातळ होतं. राबियाने ते पाहिलं होतं, हातात धरून मऊपणा पाहिला होता, आणि मनाशी म्हणाली होती, वा.

*सिस्टर, एक सांगाचं होतं*

पुसलं नाही. पाठवलंही नाही. तसंच राहू दिलं आणि मोबाइल मशीनवर पालथा घातला.

मशीन तीन महिन्यांपूर्वी आलं होतं. मेहकरच्या एका शिंप्याने दुकान बंद केलं, त्याचं मोटरवालं जुनं मशीन तिच्या नवऱ्याने, वाहेदने टेम्पोत घालून आणलं. वाहेद आठवडी बाजारांत बादल्या-टोपल्या विकतो, तेव्हा टेम्पो घरचाच. आणलं त्यानेच, पण हसलाही तोच. लोक दुकानातून ब्लँकेट आणतात, गोधडी कोण घालून घेईल, असं त्याचं म्हणणं. पहिल्या दोन महिन्यांत आले ते नातेवाईकच. नणंद, चुलतसासू, मावशीची सून. नातेवाइकांचं काम म्हणजे चहा पाजून वरून काम करून देणं.

मग आली धम्मशीला सिस्टर. उपकेंद्रातली नर्स. गावातल्या कोणत्या बाईला कोणता महिना लागला हे बाईच्या सासूआधी जिला कळतं, ती. मागच्या वर्षी तिची आई वारली. आईच्या साड्यांच्या तीन गोधड्या करायच्या होत्या, एक तिला, एक अकोल्याच्या बहिणीला, एक पुण्याच्या भावाला. वर्षाच्या कार्यक्रमाला तिघं जमणार, तेव्हा द्यायच्या. ती म्हणाली होती, "भाभी, नीट झालं ना, तर मी साऱ्या गावाले सांगतो."

साऱ्या गावाले सांगतो. हेच शब्द आता राबियाच्या कानात उलटे होऊन फिरत होते. नीट झालं नाही तरी सांगणारच की. लसीकरणाला पन्नास बाया बसतात. एक वाक्य पुरे.

आणि त्याहून वेगळंही एक भय होतं, ज्याला ती नाव द्यायला तयार नव्हती. तसलं पातळ तिने पाहिलेलं होतं. बौद्ध वस्तीतल्या बाया वंदनेला जाताना नेसतात, दसऱ्याला नागपूरला निघतात तेव्हा नेसतात. म्हणजे ते नुसतं आईचं नव्हतं. आणि कात्री लावणारी कोण, तर राबिया, वाहेदची बायको. गावात गोष्ट कशी फिरते, फिरता फिरता कशाची काय होते…

तिने ब्लेड घेतलं.

हिरवी गोधडी उलटी केली आणि कोपऱ्यातून उसवायला लागली. आईच्या हातची गोधडी असती तर एक दोरा ओढला की अख्खी ओळ सुटली असती. मशीनची शिवण तशी नसते. वरचा दोरा खालच्या दोऱ्याला प्रत्येक टाक्याला धरून बसतो. बोटभर अंतरावर एक ओळ, अशा नव्वदेक ओळी एका गोधडीला. प्रत्येक टाका कापायचा, चिमटीने उपसायचा, पुढे जायचं. तासाभरात वीतभर जागा उघडली. आत पांढरं दिसलं. तिने ते अलगद, अगदी श्वास धरून, बाजूला ओढलं.

ते फाटलं. आवाजसुद्धा झाला नाही. सुईच्या भोकांच्या रेषेवरून पातळ चिरत गेलं आणि वीतभर तुकडा तिच्या हातात आला, एका कडेला निळा काठ.

वाहेद संध्याकाळी परतला तेव्हा ती तशीच बसलेली. त्याने सगळं ऐकलं. रागावला नाही, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. तो म्हणाला, "बताना मत. मेहकर से वैसीच ला देता मैं."

निळ्या काठाची पांढरी साडी मेहकरला कोणत्याही दुकानात मिळेल, दोनदा धुवायची, उन्हात टाकायची, घडी घालून द्यायची. वर्षभरात सिस्टरने आईचं पातळ कितीदा बघितलं असणार? राबियाला हे पटलं. खरंच पटलं. रात्रीचा स्वयंपाक तिने त्या साडीच्या आधारावर केला. पण जेवणापर्यंत तो आधार टिकला नाही. नवी साडी दहादा धुतली तरी ती एका बाईच्या अंगावर वीस वर्षं धुतलेली होत नाही. हात लावला की कळतं. तिला स्वतःला गाठोडं सोडताच कळलं होतं. मग लेकीला?

*सिस्टर, एक सांगाचं होतं*

अजून तिथेच होतं. तिने ते पुसलं.

शनिवारी सकाळी ती तिन्ही गोधड्या घेऊन धम्मशीलाच्या घरी गेली. सिस्टर दारात चटया झटकत होती. राबियाने वाटेत जुळवलेलं एकही वाक्य बोललं गेलं नाही. तिने पिशवीतून तो तुकडा काढला आणि पुढे केला.

धम्मशीलाने तो ओळखला. मग गोधड्यांकडे पाहिलं.

"तिन्हीत?"

"हाव."

"कापून?"

"हाव सिस्टर. मले वाटलं बांधाचं फडकं हाय. आमी तसंच करतो."

"मले एक फोन नाही करता आला?"

उसवून बघितलं, पण फाटत गेलं, एवढंच राबियाने सांगितलं. धम्मशीला चटईवर बसली. हिरवी गोधडी मांडीवर घेऊन उसवलेल्या जागेत दोन बोटं घातली. गल्लीतून कुणी नमस्कार केला, तिला ऐकू गेला नाही.

"आता हात लावू नोका," ती शेवटी म्हणाली. "उसवलेलं तोंड तेवढं शिवून द्या. आन् उद्या तुमीच या. माह्या भावाले तुमीच सांगा. मी नाही सांगत."

रविवारी राबिया गेली. वाहेद टेम्पो घेऊन कोपऱ्यावर थांबला, आत आला नाही. घरात पंचवीस-तीस माणसं. वंदना झाली, ती मागे बायांत हात जोडून बसली. फोटोपुढे तो वीतभर तुकडा होता, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेला. मग धम्मशीलाने तिला नुसतं डोळ्यांनी पुढे बोलावलं. भाऊ चष्म्याचा, सडपातळ, आवाज खाली ठेवणारा. राबियाने सगळ्यांसमोर सांगितलं. किती बोलली, कसं बोलली, नंतर तिला आठवेना.

भावाने एकच विचारलं. "पदर कोणत्या गोधडीत हाय?"

हे तिला माहीत होतं. "विटकरीत." आणि मग खरं ते सारंच सांगून टाकावं म्हणून, "पायाकडच्या बाजूला आला."

शेजारची एक म्हातारी चुकचुकली. भावाने विटकरी गोधडी उचलली, उलगडली, फिरवली, आणि ती बाजू डोक्याकडे येईल अशी पुन्हा घडी घातली. राबियाकडे तो पाहत नव्हता. बहिणीने जांभळी घेतली. कुणी चांगली झाली म्हणालं नाही, वाईट झाली असंही नाही.

पंगत उठली. राबिया चपला शोधत होती तेव्हा तानुबाई नावाची एक बाई मागून आली. घरी साड्यांची पेटी भरून पडली आहे, सुनेचं बाळंतपण जवळ आलं, मशीनवर गोधडी किती दिवसांत होते, असं विचारू लागली. राबिया उत्तर द्यायला वळली, पण दारात उभी असलेली धम्मशीला आधी बोलली.

"तानुबाई, द्याचं असन तर समोर बसून एकेक साडी मोजून द्या. काय ठेवाचं ते बाजूले काढा. मंग भाभी चांगलं करते."

तानुबाईने मान हलवली आणि बघते म्हणाली. बघते म्हणजे येते की नाही येत, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

राबिया टेम्पोत बसली. वाहेदने काय झालं म्हणून विचारलं. तिने सिस्टरचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यातलं शेवटचं, मंग भाभी चांगलं करते, हे पुन्हा एकदा, हळू.